स्टिअरिंग उजवीकडे, पाय जागच्या जागी

मेलबर्नच्या आग्नेयेला, डँडेनाँगच्या कारखान्यांच्या पट्ट्यात, एका वर्कशॉपमध्ये काळी शेव्हरोले कॉर्व्हेट लिफ्टवर उभी आहे. सहाव्या पिढीतली, 6.2 लिटरच्या व्ही-8 इंजिनाची. बाहेरून अंगावर ओरखडा नाही. आत मात्र सीट, कार्पेट, डॅशबोर्ड, एसीचा डबा, सगळं उतरवलंय. उरलाय तो नुसता सांगाडा, लोंबत्या वायरी आणि पिशव्यांत भरून नंबर टाकलेले नटबोल्ट.

अमेरिकेत कॉर्व्हेट 1953 पासून बनते, आणि पहिल्या सातही पिढ्या कारखान्यातून निघाल्या त्या डाव्या स्टिअरिंगच्याच. ऑस्ट्रेलियात आपल्यासारखीच वाहतूक डावीकडून चालते, आणि बहुतेक राज्यांत 30 वर्षांच्या आतली डाव्या स्टिअरिंगची गाडी सहसा नोंदवून घेत नाहीत. मग हौशी माणसापुढे दोनच वाटा उरतात: हौस आवरायची, नाहीतर गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे आणायचं.

बाहेरच्याला वाटतं, जे डावीकडे आहे ते उजवीकडे न्यायचं, की झालं. या गाडीवर काम करणारा फिटर मूळचा इचलकरंजीचा. मराठी बोलायला मिळालं म्हणून खूश. तो हसून म्हणाला, “ताई, चाक हलवायला कितीसा वेळ लागतोय? पायाची जागा करताना घाम फुटतोय.”

त्याचं म्हणणं समजायला पेडलकडे बघावं लागतं. गाडी आरशातल्यासारखी उलटली तर अ‍ॅक्सिलरेटर डाव्या पायाखाली जाईल. तसं चालणार नाही. गाडी कुठल्याही देशातली असो, डावीकडून क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर हाच क्रम. म्हणजे पेडलचा संच उलटायचा नाही, तसाच्या तसा उचलून पलीकडे न्यायचा. आणि तिथंच गोची होते. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत दोन सीटमधल्या उंचवट्याला, म्हणजे बोगद्याला, लागून असतो अ‍ॅक्सिलरेटर, आणि क्लचच्या पलीकडे पाय टेकायला ऐसपैस जागा असते. उजवीकडे आल्यावर क्लच बोगद्याला चिकटतो. कॉर्व्हेटचा गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी असला तरी क्लचचं घर इंजिनाला जोडूनच आहे, त्यामुळे बोगदा नेमका पायांपाशीच फुगतो.

फिटरनं तात्पुरती सीट बोल्टवर बसवली, पायात जाड बूट तसाच ठेवला आणि क्लच दाबला. बुटाची कड बोगद्याला घासली. त्यानं तिथं खडूनं रेघ मारली, खाली उतरला, पेडलची ब्रॅकेट काढून ग्राइंडरवर धरली, पुन्हा बसवली, पुन्हा दाबली. आता रेघ पुसली गेली नाही. मग ब्रेकवरून अ‍ॅक्सिलरेटरवर पाय सरकवून बघितला. मिलिमीटरचा हिशेब, पण मापपट्टी कुठेच नाही, माप बुटाचं.

बॉनेटखाली दुसरी अडचण. ब्रेकचा बूस्टर आणि मास्टर सिलिंडर आता उजव्या बाजूला हवेत, पण तिथं बॅटरी ठाण मांडून बसलेली. शिवाय या इंजिनात सिलिंडरच्या दोन रांगा समोरासमोर नसतात. डावी किंचित पुढे, उजवी किंचित मागे. जिथं जागा हवी तिथंच इंजिन फायरवॉलच्या, म्हणजे केबिनपुढच्या भिंतीच्या, अधिक जवळ. स्टार्टरही त्याच बाजूला, आणि एक्झॉस्टच्या तापलेल्या नळ्यांना चुकवत स्टिअरिंगचा दांडा खाली न्यायचा. बॅटरीला दुसरीकडे घर शोधावं लागतं, दांड्याला उष्णतेपासून आडोसा करावा लागतो.

इथं पळवाट आहे: बूस्टर डावीकडेच ठेवायचा आणि उजवीकडच्या पेडलपासून आडवा दांडा टाकून त्याला ढकलायचं. ती काही नुसती गल्लीबोळातली युक्ती नाही. काही फ्रेंच कंपन्यांनी आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत हेच केलंय. पण दांडा जरासा जरी पिळला तरी ब्रेक दाबताना पायाला पिचपिचीत लागतं. स्पोर्ट्‌स कारमध्ये हे कोण खपवून घेईल?

स्टिअरिंगची रॅक टेबलावर ठेवलेली होती. दात पाडलेली लांब पट्टी, आणि एका टोकाला तिला फिरवणारा पिनियन. पिनियन डावीकडे आहे, तर अख्खी रॅक उलथी करून तो उजवीकडे का आणू नये? फिटरनं ती उलथी धरली आणि पिनियन फिरवून दाखवला. पट्टी विरुद्ध दिशेला सरकली. अशी गाडी उजवीकडे वळवायला गेलात तर डावीकडे जाईल. म्हणून उजव्या बाजूची रॅक वेगळीच बनवून घ्यावी लागते. पूर्वी काही जण मूळ रॅक तशीच ठेवून डॅशबोर्डमागे सायकलसारखी चेन टाकायचे आणि उजवीकडच्या स्टिअरिंगचं फिरणं डाव्या दांड्याला पोचवायचे. चेन सैल पडली, की चाक फिरतं आणि गाडी विचार करत बसते.

डॅशबोर्ड मात्र खरोखर आरशातल्यासारखा उलटतो, पण त्यातली घड्याळं उलटत नाहीत. आकडे तर सरळच वाचायचे असतात. स्वस्तातलं काम म्हणजे मूळ डॅशबोर्ड कापून जोडायचा. ऑस्ट्रेलियाच्या उन्हात दोन उन्हाळे काढले, की सांधा लाटेसारखा वर येतो. चांगलं वर्कशॉप नवा साचा करून अख्खा डॅशबोर्ड घडवतं. त्याच्यामागे एसीचा पंखा डावीकडे जातो, शेजारच्या प्रवाशाची एअरबॅगही तिकडे जाते, आणि त्या सीटवर कुणी बसलंय का हे ओळखणारा सेन्सरही तिच्यामागोमाग.

बाकीच्या गोष्टी लहान, पण कायद्याच्या. हेडलाइटचा डिपर अमेरिकेत उजव्या कडेकडे झुकतो; इथं तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाईल, म्हणून दिवे बदलतात. वायपर तसेच ठेवले तर पावसात नेमका ड्रायव्हरपुढचा कोपरा पुसायचा राहतो. गिअरचा आराखडा तोच, पण आता पहिला गिअर हातापासून लांब आणि सहावा जवळ. शेवटी सरकारमान्य अभियंता येऊन स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघतो, सांधे तपासतो, ब्रेक पारखतो. त्याची सही झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर जात नाही.

आपल्याकडे नवी गाडी आयात करायची तर ती उजव्या स्टिअरिंगचीच लागते. पण मोटार वाहन कायदा, 1988 मधलं कलम 120 डाव्या स्टिअरिंगची गाडी चालवायला सरसकट मनाई करत नाही. इशारा देणारं यांत्रिक किंवा विजेवरचं साधन चालू स्थितीत असावं, एवढीच अट घालतं. डावीकडे बसलेल्या ड्रायव्हरला उजवा हात खिडकीबाहेर काढता येत नाही, हे ध्यानात घेतलं की अटीतलं शहाणपण कळतं. तिथंही हिशेब माणसाच्या अवयवांचाच.

या धंद्याचं गिऱ्हाईक बदलतंय. फोर्ड ऑस्ट्रेलियानं 1960च्या दशकाच्या मध्यात सिडनीत सुमारे 200 मस्टँग उजव्या स्टिअरिंगच्या करून विकल्या होत्या. 2015 पासून मस्टँग कारखान्यातूनच तशी निघू लागली. 2019 मध्ये दाखवलेली आठव्या पिढीची कॉर्व्हेटही उजव्या स्टिअरिंगची मिळते. आता इथल्या कारागिरांकडे काम येतं ते मोठ्या अमेरिकन पिकअप ट्रकचं.

तरी जुन्या बदललेल्या गाड्या विकायला येत राहतात. त्या कशा पारखायच्या, असं विचारल्यावर फिटर म्हणाला, “डॅशबोर्ड शेवटी बघा, ताई. आधी बॉनेट उघडून बूस्टर कुठल्या बाजूला आहे ते बघा. मग बूट घालून आत बसा आणि क्लच दाबा. पाय अडला, तर समजा काम करणाऱ्यानं गाडी उलटली, पण बसणाऱ्याचा विचार केला नाही.”