जिना उतरताना गुडघ्यात काय होतं?

मी डॉक्टर आहे तो तत्त्वज्ञानाचा, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर व्याख्यान संपल्यावर कोणीतरी पिशवीतून एक्स-रे काढून माझ्यासमोर धरेल. (हशा) औषध मला सांगता येणार नाही. एखादा शब्द आपण वापरतो तेव्हा त्याच्या पाठीमागून कोणत्या समजुती गुपचूप घरात शिरतात, हे बघण्यात माझं आयुष्य गेलं. आणि गुडघेदुखीच्या बाबतीत शब्दांनी बराच घोळ घातलाय, असं माझं मत आहे.

तीन वाक्यं आपण रोज ऐकतो. गुडघे झिजले. वंगण संपलं. गॅप कमी झाली.

गॅपचं आधी बघू. एक्स-रेमध्ये मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये जी काळी फट दिसते, ती रिकामी जागा नसते. हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीची गुळगुळीत कूर्चा असते आणि ती एक्स-रेत दिसत नाही, म्हणून तिथे फट वाटते. फट अरुंद झाली म्हणजे बहुधा कूर्चा पातळ झाली. वंगणाचं तर उलटच आहे. सुजलेल्या गुडघ्यात पाणी पुष्कळदा जास्तच असतं, फक्त ते पूर्वीसारखं दाट, बुळबुळीत राहिलेलं नसतं.

आता मुख्य शब्द, झीज. टायर झिजतो, चपलेचा तळ झिजतो, आणि झिजणारी वस्तू जपून वापरायची असते हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. त्यामुळे ‘झीज’ ऐकलं की माणूस चालणं कमी करतो. पण कूर्चा जिवंत आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. तिला अन्न मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव आत-बाहेर खेळता राहायला सांध्याची हालचाल लागते. पाय टेकला की दाबाने थोडा द्रव बाहेर येतो, उचलला की आत शोषला जातो, ओल्या स्पंजासारखा. टायर रस्त्यावर धावताना जेवत नाही. कूर्चा जेवते. आणखी एक, तिच्यात वेदना नेणारे मज्जातंतूही नाहीत. दुखतं ते खालचं हाड, सांध्याचं अस्तर, आजूबाजूचे बंध. म्हणून एकाचा एक्स-रे फार खराब असतो आणि तो मजेत हिंडतो, दुसऱ्याचा बरा असतो आणि तो रात्रभर कण्हतो.

याचा अर्थ काही बिघडलेलं नसतं असा नाही. ऑस्टिओआर्थ्रायटिस हा खरा आजार आहे आणि तो सगळ्या सांध्याचा आहे. पण मग प्रश्न बदलतो. गुडघा किती वापरला यापेक्षा त्यावर भार किती पडला, कुठल्या कोनात, आणि सांध्याच्या कुठल्या बाजूला, हे विचारायला लागतं.

हे मोजूनच कळतं. आपण लोणावळ्यात बसलोय, तर सांगायलाच हवं. १९२४ साली इथे कैवल्यधाम सुरू झालं, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिकही. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडतं, हे स्वामी कुवलयानंदांनी एक्स-रे आणि दाबमापक लावून तपासलं आणि छापलं. शरीराबद्दल काही म्हणायचं तर आधी मोजा, ही शिस्त या गावाला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे.

गुडघ्याच्या आतला भार मोजणं मात्र फार अवघड. बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम गुडघ्यातच मोजयंत्र बसवलं आणि पाच रुग्णांचे आकडे २०१० मध्ये प्रसिद्ध केले. सरासरी घेतली तर दोन पायांवर नुसतं उभं राहिलं तरी एका गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या १०७ टक्के भार येत होता. सपाटीवर चालताना २६१ टक्के, जिना चढताना ३१६, आणि उतरताना ३४६. साठ किलोच्या बाईंच्या गुडघ्यावर उतरताना क्षणभर दोनशे किलो! माणसं पाचच होती आणि गुडघे कृत्रिम होते हे खरं, पण उतरणं जास्त जड हा क्रम डोक्यात ठेवा.

वजन साठ, मग दोनशे आले कुठून? बोरेली नावाच्या इटालियन गणितज्ञाने याचं उत्तर दिलं होतं, त्याचं पुस्तक १६८० मध्ये त्याच्या मृत्यूनंतर निघालं. घरी गेल्यावर दार बिजागरीजवळ बोट ठेवून ढकलून बघा, किती जोर लागतो. आपले स्नायू असेच सांध्याला अगदी चिकटून ओढतात. मांडीच्या पुढच्या स्नायूचा दोर वाटीवरून खाली जातो आणि सांध्याच्या मध्यापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर असतो. गुडघा वाकला की शरीराचं वजन त्याहून बरंच लांब पडतं. ते सावरायला स्नायूला वजनाच्या कितीतरी पट ओढावं लागतं, आणि ती सगळी ओढ सांधा दाबते.

आता उतरणं. लोहगडावर किंवा एकवीरेला गेलेला माणूस चढताना धापा टाकतो, पण गुडघ्याची तक्रार करतो ती उतरताना. चढताना दमते ती छाती. उतरताना मागचा पाय वाकत वाकत सगळं शरीर खालच्या पायरीवर अलगद ठेवतो. विहिरीत भरलेली घागर सोडताना आपण दोर धरून हळूहळू ढिला करतो ना, तसं. हात ओढतही असतो आणि सोडतही असतो. मांडीचा स्नायू नेमकं हेच करतो, तेही गुडघा वाकलेला असताना, म्हणजे वाटी मांडीच्या हाडावर जोरात दाबली जात असताना. स्नायू अशक्त असेल तर दोर हातातून निसटतो आणि पाय खाली धप्पकन आदळतो. दुखतं म्हणून माणूस चालत नाही, चालत नाही म्हणून स्नायू सुकतो, सुकला की उतरताना आणखी दुखतं. माझ्या मते गुडघेदुखीतला खरा फास हा आहे, आणि ‘झीज’ हा शब्द तो आवळतो.

म्हणून कठडा धरा. उतरताना दुखरा पाय आधी खाली ठेवा, म्हणजे वाकून वजन सोडण्याचं काम वरच्या चांगल्या पायाकडे जातं. चढताना चांगला पाय आधी.

भार सगळीकडे सारखा पडत नाही, हेही बघा. चालताना एका पायावर आलो की शरीराचं वजन गुडघ्याच्या आतल्या बाजूला कलतं. त्यामुळे बहुतेकांचा गुडघा आतून आधी जातो. आतून गेला की पाय धनुष्यासारखा बाहेर वाकतो आणि आतला भार आणखी वाढतो. अशा आजी डुलत चालतात, दुखऱ्या पायाकडे धड झुकवत. पोरं नक्कल करतात. खरं म्हणजे त्या आजी शरीराचं वजन गुडघ्याच्या वर आणून आतला ताण कमी करत असतात, बोरेलीचं पुस्तक न वाचता.

आपल्या मावळात एक गोष्ट वेगळी आहे, भातशेती. लावणीच्या वेळी पाऊल चिखलात रुतलेलं आणि वळायचं कमरेतून. गुडघा पुढेमागे वाकायला बनलाय, पीळ घ्यायला फारसा नाही. सरळ असताना तर तो जवळजवळ कुलूप लागल्यासारखा असतो. पाऊल उपसून मग वळलं तर तो पीळ वाचतो. खुरपताना तासन्‌तास उकिडवं बसण्यापेक्षा बुडाखाली छोटा पाट बरा.

या कुलपाचा फायदा असा, की सरळ गुडघ्यावर उभं राहायला स्नायूला फारसं काम पडत नाही. दुखऱ्या गुडघ्याची पूर्ण सरळ होण्याची सवय गेली, तर नुसतं रांगेत उभं राहूनही मांडी भरून येते. बरं वाटतं म्हणून रात्रभर गुडघ्याखाली उशी घेणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आणि जमीन. पंगत, पूजा, कीर्तन, आपलं सगळं जमिनीवर. मांडी घालता येत नाही म्हणून बायका कीर्तनाला जाणं सोडतात, पण खुर्ची मागत नाहीत. देशी संडासात बसता येत नाही म्हणून दिवसभर पाणी कमी पितात. हे मला एक्स-रेपेक्षा गंभीर वाटतं. पूर्ण वाकलेल्या गुडघ्यातून उठणं हे फार जड काम आहे, ते टाळायला खुर्ची घेतली तर त्यात कमीपणा कसला? वज्रासनाचंही तेच. ज्याचा गुडघा तिथवर वाकत नाही, त्याने तो दाबून वाकवण्यात पुण्य नाही.

(श्रोत्यांमधून प्रश्न: वजन कमी केल्याने खरंच फरक पडतो का?)

पडतो. अमेरिकेत गुडघेदुखी असलेल्या १४२ स्थूल वयस्कर लोकांचा अभ्यास २००५ मध्ये आला. एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो, असं त्यात दिसलं. दिवसाची पावलं तुम्हीच मोजा.

(प्रश्न: काठी कुठल्या हातात धरायची?)

उजवा गुडघा दुखत असेल तर डाव्या हातात. सगळे उलट करतात, कारण दुखऱ्या बाजूला आधार द्यावासा वाटतो. पण उजव्या पायाबरोबरच डाव्या हातातली काठी टेकली, की वजन दोघांमध्ये वाटलं जातं आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूचा ताण कमी होतो. तुम्ही आणलीय ना काठी? मग जाताना त्या हातातून या हातात घ्या, आणि दाराबाहेरच्या दोन पायऱ्या कठडा धरून उतरा.