पडलेल्या इमारतींचे गाव

समुद्रकिनारा सुंदर असला की तिथे पर्यटक येतात. पर्यटक आले की त्यांच्यासाठी हॉटेले उभी राहतात. झाडे तुटतात, टेकड्या कापल्या जातात आणि ज्या सौंदर्यासाठी लोक येत होते तेच नाहीसे होते. मग किनारा राखायचा तर तिथे काही बांधूच नये का? क्लफ विल्यम्स-एलिस या वास्तुविशारदांना हे मान्य नव्हते. जागेचा मान राखून बांधले तर तिची शोभा वाढते, असे ते म्हणत. नुसते बोलून हे कोणाला पटणार? म्हणून त्यांनी एक गावच बांधून दाखवले.

ते गाव म्हणजे पोर्टमेरियन. ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स हा डोंगराळ प्रदेश आहे. त्याच्या उत्तर भागात, दुइरिड नदीच्या खाडीकाठी, झाडीने भरलेला एक उतार विल्यम्स-एलिस यांनी १९२५ साली विकत घेतला. त्या जागेच्या जुन्या नावाचा अर्थ 'बर्फाचे नदीमुख' असा होता. असे थंडगार नाव ऐकून सुट्टीला कोण येणार! त्यांनी ते बदलले. काठावरच्या जुन्या घराचे हॉटेल केले आणि १९२६ साली ते सुरू झाले. मग उतारावर एकेक घर चढू लागले. दुसऱ्या महायुद्धामुळे काम थांबले. १९५४ पासून पुन्हा सुरू झाले ते १९७६ पर्यंत चालले. तेव्हा विल्यम्स-एलिस नव्वदी ओलांडून गेले होते.

या गावातली सगळीच बांधकामे नवी नाहीत. 'इमारत' हा शब्द मराठीने तुमच्या उर्दूसारखाच अरबीतून आलेला स्वीकारला आहे. इमारत पाडली की तिचे दगड-लाकूड विकले जाते, हेही सगळीकडे सारखेच. मुंबईच्या चोरबाजारात जुन्या घरांची कोरीव दारे तुम्ही पाहिली असतील. विल्यम्स-एलिस अशा वस्तू जमवत. एमराल हॉल नावाचा एक जुना वाडा पाडला जात होता. त्याच्या दिवाणखान्याच्या छतावर हर्क्युलिस या ग्रीक वीराच्या पराक्रमांची शिल्पे होती. लिलावात हे सतराव्या शतकातले छत त्यांनी अवघ्या १३ पौंडांना घेतले! ते उतरवून आणणे आणि त्याच्यासाठी नवे सभागृह बांधणे मात्र स्वस्त नव्हते. ब्रिस्टल शहरातली बाँबहल्ल्यात मोडकळलेली खांबांची कमानदार ओळही दगड दगड सोडवून आणली गेली. पोर्टमेरियन म्हणजे पडलेल्या इमारतींचा आसरा, असे ते गमतीने सांगत.

इथे नजरबंदीही पुष्कळ आहे. गाव लहान, पण वाटते मोठे. 'युनिकॉर्न' हे घर समोरून एखाद्या उमरावाच्या वाड्यासारखे दिसते. प्रत्यक्षात ते साधे बैठे घर आहे. काही खिडक्या तर भिंतीवर नुसत्या रंगवलेल्या आहेत. काही जाणकारांना हा सगळा नाटकाचा पडदा वाटतो. ते अगदीच खोटे नाही, कारण इथली बहुतेक घरे पाहुण्यांसाठी आहेत. दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेशशुल्क द्यावे लागते. पण आजूबाजूची झाडी आजही उभी आहे.

खाली धक्क्याला लागून एक नाव आहे. ती दगडाची आहे. ओहोटीला समोर दूरवर वाळू उघडी पडते, भरतीला पाणी वर चढते. नाव मात्र जागची हलत नाही.