जागतिकीकरण आणि बौद्ध धर्मजाणीव (श्रीलंका)

दूरदूरच्या समाजांमधील व्यापार, दळणवळण, विचार व संस्था यांचे परस्परावलंबन वाढविणाऱ्या प्रक्रियेस जागतिकीकरण म्हणतात. या प्रक्रियेने पारंपरिक धर्म क्षीण होतात, असा समज आहे. श्रीलंकेतील बौद्ध धर्माचा इतिहास वेगळे दर्शवितो : बाह्य जगाच्या संपर्कामुळे तेथील धर्मजाणीव व्यापक झाली आणि त्याच साधनांनी ती आग्रहीही बनली.

कँडीचे राज्य १८१५ मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यात गेले व भिक्षुसंघाचा राजाश्रय क्रमाने संपुष्टात आला. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळा, छापखाने व प्रवचने यांना तोंड देताना भिक्षूंनी तीच साधने स्वीकारली. १८७३ मध्ये पानदुरा येथे मिगेट्टुवत्ते गुणानंद थेर यांनी मिशनऱ्यांशी जाहीर वादविवाद केला. त्याचा इंग्रजी वृत्तांत अमेरिकेत पोहोचला आणि तो वाचून प्रभावित झालेले थिऑसॉफिस्ट हेन्री ऑल्कट १८८० मध्ये श्रीलंकेत आले. त्यांनी बौद्ध शाळांच्या स्थापनेस चालना दिली आणि १८८१ मध्ये प्रश्नोत्तररूप बौद्ध धर्मपुस्तिका प्रसिद्ध केली. कोलंबो येथे १८८५ मध्ये बौद्ध ध्वज प्रथम फडकविण्यात आला. अनागारिक धर्मपाल (१८६४–१९३३) यांनी १८९१ मध्ये महाबोधी सोसायटी स्थापन केली व १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत बौद्ध धर्माची बाजू मांडली.

या घडामोडींमुळे धर्माचे स्वरूपच पालटले. दान, पुण्यसंचय व गावचा विहार यांतून जगला जाणारा धर्म आता ग्रंथाधारित, बुद्धिनिष्ठ व विश्वव्यापी तत्त्वज्ञान म्हणून मांडला जाऊ लागला. ध्यानसाधना आणि धर्माचा अभ्यास हे गृहस्थाचेही कर्तव्य ठरले. मानवशास्त्रज्ञ गणनाथ ओबेयसेकेरे यांनी यास ‘प्रॉटेस्टंट बौद्ध धर्म’ म्हटले; कारण तो मिशनऱ्यांचा निषेध करतो आणि त्यांच्याच पद्धतींचे अनुकरणही करतो. मात्र हा बदल प्रथम शहरी सुशिक्षित वर्गापुरता होता. कतरगामासारख्या देवतांची उपासना टिकून राहिली.

या धर्मजाणिवेचे दोन परिणाम झाले. कोलंबो येथे १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषद स्थापन झाली; तिच्या पहिल्या अधिवेशनास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. महाराष्ट्रातील विहारांवर दिसणारा पंचरंगी ध्वज कोलंबोच्याच ध्वजाच्या परंपरेतील आहे. दुसरीकडे, धर्म हा सिंहली राष्ट्रीयत्वाचा निकष मानला गेला. १९५६ च्या कायद्याने सिंहली ही एकमेव राजभाषा ठरली आणि १९७२ च्या संविधानाने बौद्ध धर्मास अग्रस्थान दिले. तमिळ भाषकांत परकेपणाची भावना वाढली. भूमी, शिक्षण व नोकऱ्यांचे प्रश्न तीत मिसळले आणि १९८३ ते २००९ या काळात देश यादवी युद्धाने होरपळला. विश्वबंधुत्वाचा पुरस्कार करणारी धर्मजाणीव शेजाऱ्याविषयी संकुचित का होते, हे केवळ धर्मग्रंथांवरून कळत नाही; शाळा, छापखाना व राज्यसंस्था यांनी त्या धर्माला कोणते सामाजिक रूप दिले, हेही पाहावे लागते.