विद्यापीठ बदलायचंय? आधी पलीकडच्या खिडकीवर विचारा

पहिल्या वर्षाचा निकाल लागला की विद्यापीठांच्या पात्रता विभागांपुढे दरवर्षी तीच गर्दी जमते. कुणाच्या वडिलांची नाशिकहून सोलापूरला बदली झालेली असते. कुणाला होस्टेल सोसलेलं नसतं, कुणाला पुण्याचा खर्च झेपेनासा झालेला असतो, कुणाला मोठ्या शहरातल्या कॉलेजचं नाव हवं असतं. कारणं बहुतेक रास्तच असतात. पण ती पटवून द्यायची तयारी करून मुलं आणि पालक येतात आणि खिडकीपलीकडच्या माणसाला कारणात फारसा रस नसतो. ज्या वर्गात जायचं तिथे जागा रिकामी आहे का आणि शिकून आलेलं इथल्या अभ्यासक्रमाशी जुळतं का, एवढंच त्याला पाहायचं असतं. या विषयातले बहुतेक गैरसमज हे न कळल्यामुळेच तयार होतात.

‘दूर जायचं तर विद्यापीठ बदलतं, जवळ जायचं तर फक्त कॉलेज’

अंतराचा आणि विद्यापीठाचा संबंध नाही. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतची सगळी किनारपट्टी मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येते. सावंतवाडीचं संलग्न कॉलेज सोडून वसईच्या संलग्न कॉलेजात गेलात तर अख्खं कोकण ओलांडूनही विद्यापीठ तेच राहतं. उलट लोणावळ्याहून घाट उतरून खोपोलीला आलात की पुणे जिल्हा संपून रायगड लागतो आणि विद्यापीठही बदलतं. नाशिक ते पुणे विद्यापीठ तेच. सातारा ते पुणे मात्र शिवाजी विद्यापीठातून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात. बांद्याची मुलं पणजीला जातात तेव्हा राज्यही बदलतं आणि विद्यापीठही.

शहरांत तर आता नकाशाही पुरत नाही. चर्चगेटला केसी, एचआर, जयहिंद आणि सिडनहॅम ही कॉलेजं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पूर्वी ती सगळी मुंबई विद्यापीठाची. आज सिडनहॅम २०१९ साली स्थापन झालेल्या डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आहे, केसी आणि एचआर २०२० पासूनच्या एचएसएनसी विद्यापीठात, आणि जयहिंद मुंबई विद्यापीठाचंच, पण स्वायत्त. म्हणजे रस्ता ओलांडायला दोन मिनिटं आणि कागदपत्रांना दोन महिने.

विद्यापीठ तेच असेल तर साधारणपणे जुन्या कॉलेजचा दाखला, दोन्ही कॉलेजांची ना हरकत आणि विद्यापीठाची मान्यता एवढ्यावर काम होतं. विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र लागतं, म्हणजे सगळे ज्याला मायग्रेशन म्हणतात ते. शिवाय नव्या विद्यापीठात पात्रतेची तपासणी होते. स्वायत्त कॉलेज हा तिसराच प्रकार आहे. पदवी विद्यापीठाची, पण अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजच्या स्वतःच्या. त्यामुळे विद्यापीठ तेच असूनही पेपर जुळतील याची खात्री धरता येत नाही.

‘पहिलं वर्ष पास झालो, म्हणजे तिकडे थेट दुसऱ्या वर्षात’

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

पास होणं म्हणजे त्या विद्यापीठाने ठरवलेले विषय पूर्ण केले, एवढंच. नवं विद्यापीठ ते विषय स्वतःच्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवून पाहतं. याला समकक्षता ठरवणं म्हणतात. संबंधित विषयाचं अभ्यास मंडळ किंवा समिती पेपरमागून पेपर तपासते. नाव सारखं असून आत वेगळं असू शकतं: एकाकडे पहिल्या सत्रात कॅल्क्युलस, दुसऱ्याकडे बीजगणित, आणि दोन्हींचं नाव ‘गणित पेपर १’. प्रात्यक्षिकांचे तासही मोजले जातात. नव्या रचनेत एक क्रेडिट म्हणजे पंधरा तासांचं व्याख्यान किंवा तीस तासांचं प्रात्यक्षिक. त्यामुळे क्रेडिटचा आकडा सारखा असला तरी आतला मजकूर तोच असेल असं नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर हे सोपं होईल असं वाटलं होतं. माझ्या मते पहिल्या वर्षापुरतं तरी ते अवघड झालंय. मुख्य विषयाबरोबर मुक्त ऐच्छिक, कौशल्याचा पेपर, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, भाषा, असे गठ्ठे आले. मुख्य विषय बऱ्यापैकी जुळतात आणि अडतं ते या लहान दोन-दोन क्रेडिटच्या पेपरांत. एका विद्यापीठाने जो पेपर पहिल्या वर्षात घेतला तो दुसऱ्याने दुसऱ्या वर्षात ठेवलेला असतो. मग तुम्हाला दुसऱ्या वर्षात घेतलं तरी राहिलेले पेपर बरोबरीने द्यावे लागतात. फरक मोठा असेल तर पहिलं वर्ष पुन्हा करा असं सांगितलं जातं. म्हणून ‘प्रवेश मिळेल का?’ या प्रश्नापेक्षा ‘कोणते पेपर पुन्हा द्यावे लागतील?’ हा प्रश्न जास्त कामाचा. सोबत आपल्या अभ्यासक्रमाची विद्यापीठाने शिक्का मारलेली प्रत हवी. नुसत्या गुणपत्रिकेवर समकक्षता ठरत नाही.

कॉलेजने ‘तात्पुरता’ प्रवेश दिला, फी घेतली, वर्गात बसवलं, म्हणजे झालं असंही समजू नये. पात्रता विद्यापीठ ठरवतं, कॉलेज नाही. ऑफिसमधले सज्जन कारकून ‘होऊन जाईल’ म्हणतात तेव्हा ते त्यांची आशा सांगत असतात. लेखी पत्र विद्यापीठाचं हवं.

‘क्रेडिट बँकेत जमा आहेत, कुठेही चालतील’

विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम आणले. विद्यार्थ्याचं खातं उघडतं, मिळवलेली क्रेडिट तिथे नोंदली जातात आणि जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. इथवर ऐकलेलं खरं. पण बँकेत पैसे आहेत म्हणून दुकानदाराने माल द्यायलाच हवा असं कुठे असतं? क्रेडिट स्वीकारायची की नाही, कोणत्या विषयापोटी स्वीकारायची, हे घेणारी संस्था ठरवते. पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान निम्मी क्रेडिट मिळवलेली असावीत असंही नियम म्हणतात. पहिल्या वर्षानंतर निघणाऱ्याला त्याची अडचण येत नाही, तिसऱ्या वर्षी विचार करणाऱ्याला येते. लवकर निर्णय घेण्याचा हा एक खरा फायदा आहे.

आणखी एक तपशील मुलांना उशिरा कळतो. बँक विद्यार्थ्याकडून गुणपत्रिका घेत नाही, नोंद संस्थेनेच करायची असते. जुन्या कॉलेजने नोंद केलेली नसेल तर खातं रिकामं दिसतं. निघण्याआधी स्वतःचं खातं उघडून पाहा.

‘इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयर असतंच की’

असतं, पण ते तुमच्यासाठी नाही. थेट द्वितीय वर्षाची प्रवेशप्रक्रिया डिप्लोमा किंवा बीएस्सी झालेल्यांसाठी आहे. पदवीच्या पहिल्या वर्षातून निघालेल्याला त्या रांगेत जागा नाही. त्याला रिकाम्या जागेवर, मंजूर प्रवेशक्षमतेत बसून, बदलीच्या नियमांनी जावं लागतं. नाहीतर सीईटी पुन्हा देऊन पहिल्यापासून सुरुवात. दुसरा मार्ग अनेक जण घेतात आणि त्यात कमीपणा काही नाही. एका वर्षाची किंमत मोजायची तयारी मात्र हवी. वैद्यकीय शिक्षणात २०२३ च्या नियमावलीने एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जाण्यावर बंदी घातली. कायद्याच्या पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमात पदवीच्या जोरावर मध्येच शिरायला बार कौन्सिलचे २००८ चे नियम मनाई करतात.

‘एकदोन केटी आहेत, काही बिघडत नाही’

बिघडतं. एटीकेटी म्हणजे जुन्या विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्याला दिलेली सवलत. ती मानायला दुसरं विद्यापीठ बांधील नाही. बहुतेक ठिकाणी सगळे पेपर सुटलेले लागतात. पुनर्मूल्यांकनाचा निकाल यायचा असेल तर दुसऱ्या वर्षाची प्रवेशमुदत त्याआधीच संपू शकते.

‘कॉलेज कागद अडकवून ठेवतं, राहिलेल्या वर्षांची फी मागतं’

मागतात काही ठिकाणी, हे खरं. पण त्यांना तो अधिकार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना स्पष्ट आहे: मूळ प्रमाणपत्रं पाहून परत करायची, कुठल्याही सबबीखाली ताब्यात ठेवायची नाहीत. आगाऊ फी चालू सत्राची किंवा वर्षाचीच घेता येते. संपूर्ण अभ्यासक्रमाची एकदम घेण्यास मनाई आहे. फी परताव्याची टक्केवारीही तिथेच दिली आहे. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी प्रवेश रद्द केला तर शंभर टक्के, त्यानंतर नव्वद, ती तारीख उलटल्यावर पंधरा दिवसांपर्यंत ऐंशी, तीस दिवसांपर्यंत पन्नास, आणि त्यापुढे काही नाही. तोंडी वाद घालण्यापेक्षा लेखी अर्ज करून पोच घ्यावी. तारखेवर टक्केवारी ठरते, त्यामुळे पोचेवरच्या तारखेला पैशाची किंमत असते.

उलट बाजूची चूक मात्र मुलं स्वतः करतात. नव्या ठिकाणचं पत्र हातात नसताना दाखला आणि मायग्रेशन काढून मोकळी होतात. मग तिकडे नकार आला की इकडे पुन्हा नाव लावायला हेलपाटे. आधी पलीकडच्या पात्रता विभागाचं लेखी उत्तर, मग जागा असल्याची कॉलेजची खात्री, आणि दाखला सगळ्यांत शेवटी, हा क्रम सोडू नये.

‘कॉलेज बदललं की सगळं सुटेल’

कधी सुटतंही. आजारी आई, न परवडणारं भाडं, रोजचा चार तासांचा प्रवास, यांना बदली हेच उत्तर असतं. पण विषयच नकोसा झाला असेल तर तोच विषय दुसऱ्या शहरात गोड लागायचा नाही. अशा वेळी आधी आपल्याच विद्यापीठात चौकशी करावी. आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या पदवी आराखड्यात पहिल्या वर्षाअखेर त्याच विद्याशाखेत मुख्य विषय बदलण्याची सोय आहे. शिक्षण थांबवायचीच वेळ आली तर चाळीस क्रेडिट आणि उन्हाळ्यातला चार क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र घेता येतं आणि तीन वर्षांत परत येता येतं. तुमच्या विद्यापीठाने यातलं काय लागू केलंय, ते त्याच्या परिपत्रकात पाहावं.

राहिली शिष्यवृत्ती, जी घरात सगळ्यांत शेवटी आठवते. महाडीबीटीवरचा अर्ज कॉलेज आणि अभ्यासक्रमाला जोडलेला असतो, तो आपोआप तुमच्यामागे येत नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठीच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीला केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेला प्रवेश ही अट आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना २०२४-२५ पासून मिळालेली संपूर्ण शिक्षणशुल्काची सवलतही अशाच प्रवेशांना आहे. बदलीने मिळणारी जागा त्या अटीत बसते का, हे नव्या कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाकडून फी भरण्याआधी लेखी घ्या. नाही बसली, तर फीचा आकडा वेगळाच असेल आणि घरी बसून हिशोब करायचा तो त्या आकड्याचा.