मन्सी : एका छोट्या शहराची मिळकत

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती उभ्या राहतात. परंतु तेथील सामान्य माणूस कमावतो कसा, हे जाणायचे तर एखाद्या मध्यम वस्तीच्या गावातच शिरले पाहिजे. आम्ही त्यासाठी इंडियाना राज्यातील मन्सी निवडले आहे. रॉबर्ट व हेलन लिंड या दांपत्याने १९२४ मध्ये तेथे मुक्काम ठोकला आणि १९२९ मध्ये ‘मिडलटाउन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथात गावाचे खरे नाव नव्हते. ते गुपित टिकले मात्र नाही.

१८८० नंतरच्या दशकात या भागात जमिनीखाली नैसर्गिक वायू सापडला आणि स्वस्त इंधनाच्या आमिषाने कारखानदार धावले. बॉल बंधू बफेलोहून येथे आले. फळे टिकवण्याच्या त्यांच्या काचेच्या बरण्या घरोघर गेल्या. वायू लवकरच आटला, कारखाने राहिले.

लिंड दांपत्याने गावाचे दोनच भाग केले : वस्तूंशी झगडणारे कामगार आणि माणसांशी व्यवहार करणारे धंदेवाले. दहांतील सात कमावते पहिल्या भागातले. त्यांचा दिवस अंधारातच उजाडे. दुसऱ्यांचा जरा उशिरा. पण खरा भेद वयाबरोबर दिसे. धंदेवाल्याची मिळकत आणि मान वाढत जाई. यंत्रापुढे मात्र तरुण हात लागत, म्हणून कामगाराला चाळिशी उलटली की धास्ती वाटू लागे. पाच माणसांच्या कुटुंबाला १९२४ मध्ये वर्षाला किमान १,९२० डॉलर लागत, असा लेखकांचा हिशेब होता. तपासलेल्या कामगार कुटुंबांपैकी बहुसंख्यांची मिळकत याहून कमी भरली.

येथे एक दोष सांगितलाच पाहिजे. गावातील काळ्या लोकांना या अभ्यासातून जवळजवळ वगळले होते. ज्यांना वगळले तेही याच गावात राबत होते. त्यांची हकीकत सांगणारा ग्रंथ निघायला २००४ साल उजाडले.

पुढे मोटारींच्या भागांच्या कारखान्यांनी गावाला बरे दिवस दाखवले. शाळेपलीकडे फारसे न शिकलेला माणूस गिअर बनवून घर बांधू शके. तेही सरले. बॉलचे काचकाम येथे १९६२ मध्ये थांबले, बोर्गवॉर्नरचा कारखाना २००९ मध्ये बंद झाला. लोकसंख्या १९८० मध्ये ७७ हजारांवर होती, २०२० मध्ये ६५,१९४ भरली. आज मोठे मालक म्हणजे विद्यापीठ आणि इस्पितळ, आणि दोहोंच्या नावात बॉल आहेच! तेथे पदवीधराला चांगला पगार मिळतो. झाडलोट, स्वयंपाकघर, रुग्णसेवा यांतल्यांना जुन्या गिअर कामगाराची मजुरी मिळत नाही.

दारिद्र्याचे आकडे वाचताना मात्र सावध राहावे. तेथील जनगणना खाते वसतिगृहातील विद्यार्थ्यांना या मोजणीत धरत नाही; गावात खोली घेऊन राहणाऱ्यांना धरते. बापाच्या पैशावर शिकणारा पोरगाही मग गरीब ठरतो. म्हणून मन्सीच्या गरिबांची संख्या पाहिली की त्यात विद्यार्थी किती आणि बंद कारखान्यांतल्या कामगारांची कुटुंबे किती, हे आधी वेगळे करावे लागते.