थंडीत वेग वाढला, तरी इंजिनाचा काटा खाली का येतो?

जानेवारीतील पहाट. धुळ्याहून जळगावकडे निघालेली मोटार फागणे, मुकटी मागे टाकून ताशी ८०-९० किलोमीटर वेगाने धावत असते. शहरातून बाहेर पडताना मध्यावर असलेला तापमापकाचा काटा हळूहळू खाली सरकू लागतो. पुढे एखाद्या गावातील गर्दीत वेग मंदावला, की तोच काटा पुन्हा वर चढतो.

वेग वाढला म्हणजे इंजिन अधिक तापणार, असा सर्वसाधारण समज आहे. येथे नेमके उलटे घडते. बहुतेक वाहनधारक त्याकडे दुर्लक्ष करतात. कारण गाडी गरम होत नाही, ही मे महिन्यात ४५ अंशांत होरपळणाऱ्या खान्देशी माणसाला चांगलीच बातमी वाटते. प्रत्यक्षात तो एका छोट्या सुट्या भागाच्या बिघाडाचा इशारा असतो. अनेकदा तर तो भाग गाडीत नसतोच. उन्हाळ्यात कोणीतरी काढून टाकलेला असतो.

इंधन जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता गाडी पळविण्याच्या कामी येते, साधारण तेवढीच धुराबरोबर बाहेर पडते आणि उरलेल्या उष्णतेतील बराचसा भाग इंजिनाभोवती खेळणाऱ्या कुलंटला वाहून न्यावा लागतो. हे कुलंट रेडिएटरमध्ये येऊन समोरच्या वाऱ्याने थंड होते. कुलंट ९० अंशांवर आणि हवा ४५ अंशांवर असेल, तर दोहोंत ४५ अंशांचा फरक राहतो. जानेवारीच्या पहाटे हवा ८ अंशांवर असली, की हाच फरक ८२ अंशांचा होतो. म्हणजे तोच रेडिएटर, त्याच वेगाला, मे महिन्याच्या पावणेदोन पटीहून अधिक उष्णता बाहेर टाकू शकतो. राज्यातील नीचांकी तापमानाच्या बातम्यांत निफाडच्या जोडीने धुळ्याचे नाव अनेकदा येते, हे लक्षात घेतले तर हा हिशेब केवळ कागदावरचा नाही.

एवढी उष्णता निघून गेली तरी इंजिन थंड पडू नये, याची जबाबदारी थर्मोस्टॅटवर असते. मिस्त्री मंडळी त्याला नुसते 'वॉल्व्ह' म्हणतात. पितळी डबीत भरलेले विशिष्ट मेण आणि त्याला जोडलेली झडप, एवढीच त्याची रचना. कुलंट साधारण ८२ ते ९० अंशांवर पोहोचले, की मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि कुलंट रेडिएटरकडे जाऊ लागते. ते थंड झाले की मेण आकसते आणि स्प्रिंग झडप पुन्हा मिटवते. मेणाच्या या थर्मोस्टॅटची कल्पना १९३०च्या दशकात अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट यांनी प्रत्यक्षात आणली. आज गाड्यांमध्ये संगणक आले, तरी बहुतेक ठिकाणी काम हे मेणच करते.

ही झडप उघडी अडकली, तर कुलंट सतत रेडिएटरमधून फिरत राहते. शहरात वारा कमी असल्याने दोष झाकला जातो, महामार्गावर तो उघडा पडतो. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे येताना हे आणखी स्पष्ट दिसते. उतारावर इंजिनाला काम नसते, वारा मात्र भरपूर असतो.

खान्देशात या बिघाडाला एक स्थानिक कारणही आहे. उन्हाळ्यात गाडी तापली, की 'वॉल्व्ह काढून टाका, पाणी मोकळे फिरेल' हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. जुन्या डिझेल जीप आणि ट्रकच्या काळात तो खपून गेला. आज तो महागात पडतो. पुष्कळ इंजिनांमध्ये थर्मोस्टॅटचीच दुसरी चकती रेडिएटरला वळसा घालणारी वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढल्यास ती वाट कायमची उघडी राहते आणि काही गरम कुलंट थंड न होताच इंजिनात परतते. म्हणजे ज्या उन्हाळ्यासाठी हा खटाटोप केला, त्याच उन्हाळ्यात गाडी अधिक तापण्याची शक्यता निर्माण होते.

हिवाळ्यात त्याची किंमत वेगळ्या मार्गाने मोजावी लागते. इंजिन अजून थंडच आहे, असे समजून पेट्रोल गाडीचा संगणक जादा इंधन सोडत राहतो. सरासरी घटते. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन काढते आणि झीज वाढते. तेलात उतरलेली पाण्याची वाफ उडून न गेल्याने तेल खराब होते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या डिझेल गाड्यांत आणखी एक भर पडली आहे. त्यांच्या धुराच्या मार्गातील काजळी अडविणारी गाळणी ठराविक काळाने स्वतः काजळी जाळून साफ होते. पण इंजिन पुरेसे गरम नसेल, तर अनेक गाड्यांत ही प्रक्रिया सुरूच होत नाही. गाळणी तुंबल्यावर होणाऱ्या खर्चापुढे थर्मोस्टॅटची किंमत किरकोळ ठरते.

केळी घेऊन रावेर, यावलहून उत्तरेकडे जाणाऱ्या ट्रकवाल्यांना थंडीची ही करामत जुनीच परिचयाची. समोरच्या जाळीआड पुठ्ठा लावण्याची युक्ती त्यातूनच आली. मोटारीत मात्र ती करू नये. दुपारी ऊन तापले आणि पुठ्ठा काढायचा राहिला, की काटा लाल रेषेकडे धावतो.

काटा कसा खाली येतो, यालाही महत्त्व आहे. सावकाश उतरला तर थर्मोस्टॅटवर संशय घ्यावा. चालू गाडीत तो एकाएकी कोसळला आणि हीटरमधून थंड हवा येऊ लागली, तर कुलंट गळून संवेदक कोरडा पडला असण्याची शक्यता असते. अशा वेळी इंजिन आतून जळत असते, काटा मात्र थंड दाखवतो. गाडी तत्काळ बाजूला घेऊन बंद करावी आणि रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. काटा नसलेल्या काही लहान गाड्यांत इंजिन थंड असताना निळा दिवा लागतो. तो महामार्गावर पुन्हा लागला, तर तोही इशाराच.

याउलट, कडाक्याच्या थंडीत वेगाने जाताना काटा वर चढत असेल, तर प्रकरण अधिक गंभीर. त्या वेगाला पंख्याची गरजच नसते; त्यामुळे दोष कुलंट कमी असण्यात, पंपात, बंद अडकलेल्या थर्मोस्टॅटमध्ये किंवा तुंबलेल्या रेडिएटरमध्ये शोधावा लागतो. बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे ओतलेल्या गाड्यांत रेडिएटरच्या नळ्यांमध्ये साचलेला पांढरा थर हे त्याचे नेहमीचे कारण. खान्देशात पाणी गोठण्याची भीती नाही, म्हणून कुलंटऐवजी पाणी चालते, हा समज येथेच फसतो. गंज आणि क्षार रोखणे हेही कुलंटचे काम आहे.

थर्मोस्टॅटची चाचणी घरीही करता येते. सकाळी थंड इंजिन सुरू करून, पंख्यापासून हात दूर ठेवत, रेडिएटरकडे जाणारी वरची नळी चाचपावी. ती काही मिनिटे थंड राहून मग गरम झाली, तर झडप ठीक आहे. सुरुवातीपासूनच कोमट होत गेली, तर ती उघडी अडकली आहे किंवा जागेवर नाही. काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यातील पाण्यात टाकून पाणी उकळीपर्यंत तापविले, तर झडप उघडताना डोळ्यांना दिसते. उघडली नाही किंवा पाणी निवल्यावर मिटली नाही, तर नवा थर्मोस्टॅट घेताना त्यावर कोरलेला अंशांचा आकडा जुन्याशी जुळवून पाहावा.