क्यू-केसमधला स्वतंत्र ऋतू

पूलच्या स्पर्धेला आलेला खेळाडू खांद्यावरून जी लांबट केस उतरवतो, तिच्यात एकच क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, क्वचित असते. नेहमीच्या फटक्यांसाठी एक, ब्रेकसाठी, म्हणजे डावाच्या पहिल्या फटक्यासाठी, दुसरी, मध्ये आलेल्या बॉलवरून क्यू बॉल उडवण्यासाठी तिसरी, शिवाय दोन-तीन जादा शाफ्ट. एवढं सामान एकत्र नेण्याची सोय म्हणून आपण त्या केसकडे पाहतो आणि दुकानात गेलो की रंग, पट्टा, खिसे बघून निवड करतो. खरं तर तिच्या आत पदार्थविज्ञानाचा एक विलक्षण खेळ चाललेला असतो. तो कळला की केस कशी निवडायची हे वेगळं शिकावं लागत नाही.

आधी तिच्यात काय राहणार ते पाहू. पूलची क्यू साधारण ५८ इंच लांब आणि ५४० ग्रॅमच्या आसपास वजनाची असते. ती बरोबर मधोमध सुटते. मागचा जाड भाग म्हणजे बट, तो सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. पुढचा निमुळता भाग म्हणजे शाफ्ट, तो जेमतेम ११० ग्रॅमचा. लाकडी शाफ्ट बहुतेक वेळा हार्ड मेपलचा असतो. उत्तर अमेरिकेत ज्या झाडाच्या रसापासून मेपल सिरप करतात, त्याच शुगर मेपलचं हे लाकूड. टोकाला बारा-तेरा मिलिमीटर व्यासाची चामड्याची टिप. ती बॉलला टेकते सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरती, आणि तेवढ्यात बॉलची दिशा, वेग, फिरकी सगळं ठरून जातं. म्हणून शाफ्ट सरळ असणं हा सगळ्या खेळाचा पाया.

हा सरळपणा किती नाजूक असतो, याचं गणित करून पाहण्यासारखं आहे. शाफ्टची लांबी २९ इंच, म्हणजे सुमारे ७३७ मिलिमीटर, आणि सरासरी जाडी १६ मिलिमीटर धरू. त्याच्या मध्यावर एक मिलिमीटरचा बाक यायला एक बाजू दुसरीपेक्षा किती लांब व्हावी लागेल? फक्त ०.१७ मिलिमीटर. वहीचे दोन कागद एकावर एक ठेवले तर जेवढी जाडी होईल, साधारण तेवढंच. एवढ्याशा फरकाने टेबलावर लोळवलेला शाफ्ट लचकत चालू लागतो आणि त्याच्याखालून दिसणारी प्रकाशाची फट उघडझाप करते.

हा फरक येतो कुठून? हवेतून. लाकूड कापून, वाळवून, घासून गुळगुळीत केलं तरी हवेतली वाफ शोषणं आणि परत सोडणं थांबत नाही. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली उतरते. अशा हवेत पुरेसे दिवस उघडं राहिलेलं लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ६ टक्के पाणी धरून असतं. जुलैत आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की तेच लाकूड १६ टक्क्यांपर्यंत पोचतं. शंभर ग्रॅमच्या शाफ्टमध्ये याचा अर्थ दहा ग्रॅम पाणी: दोन चमचे पाणी, कुणी न ओतता, नुसत्या हवेतून आलेलं!

लाकूड फुगतं ते मुख्यतः आडवं. लांबीत होणारा बदल अगदी अल्प असतो. पण तंतू तंतोतंत सरळ नसतील, किंवा एका बाजूने पाणी जास्त शिरलं, तर दोन बाजू कमी-अधिक वाढतात. आपल्याला तर ०.१७ मिलिमीटरचाच फरक पुरतो. त्यात क्यू भिंतीला टेकवून ठेवायची सवय असेल तर ओझ्याखाली वाकलेलं लाकूड दमट-कोरड्या हवेच्या फेऱ्यांत हळूहळू त्याच आकाराला सरावतं.

आता केसच्या आत जाऊ. चांगल्या केसमध्ये प्रत्येक शाफ्टला स्वतःची नळी असते, आतून मऊ कापड लावलेली. समजा ती ३१ इंच लांब आणि ३० मिलिमीटर रुंद आहे. शाफ्ट आत सरकवल्यावर उरते ती सुमारे ०.४ लिटर हवा. ३० अंश सेल्सिअसला हवा वाफेने पूर्ण भरली तरी एका लिटरमध्ये जेमतेम ३० मिलिग्रॅम पाणी मावतं. म्हणजे नळीतल्या सगळ्या हवेत फार तर १२ मिलिग्रॅम. शाफ्टमधलं पाणी एका टक्क्याने वाढायला मात्र एक ग्रॅम, म्हणजे १००० मिलिग्रॅम लागतात. ऐंशीपट जास्त!

या आकड्यांपाशी थोडं थांबायला हवं, कारण इथे सगळंच उलटं होतं. उघड्यावर हवा लाकडावर राज्य करते. बंद नळीत लाकूड हवेवर राज्य करतं. आतली हवा कोरडी पडली की शाफ्ट कणभर वाफ सोडतो, दमट झाली की कणभर शोषतो आणि तिला आपल्या मर्जीच्या पातळीवर आणून ठेवतो. बाहेर आषाढ कोसळत असताना आत त्या लाकडाचा स्वतःचा ऋतू चालू असतो. संग्रहालयात लाकडी वस्तू काचेच्या बंद पेटीत ठेवतात तेव्हा हाच गुण कामी येतो.

अर्थात क्यू-केस हवाबंद नसते. झाकणाच्या फटीतून बाहेरची हवा हळूहळू येत राहते आणि खेळताना तर ती उघडावीच लागते. म्हणून निवडताना पहिली नजर झाकणावर हवी: ते घट्ट बसतं का, चेन पूर्ण मिटते का. नुसत्या कापडी, मऊ केसमधून वाफ सहज ये-जा करते. घर ते क्लब एवढ्या अंतराला ती चालते, पावसाळाभर क्यू ठेवायला कडक नळ्यांची केसच बरी. नळीचा हा गुण उलटाही फिरू शकतो. घामाने ओला झालेला शाफ्ट तसाच आत गेला तर तो ओलावाही तिथेच कोंडून राहतो. आधी कोरड्या फडक्याने पुसायचा, मग ठेवायचा. उन्हात उभ्या बंद गाडीपुढे मात्र कुठल्याच केसचं काही चालत नाही. तिथे तापमान ६० अंशांच्या आसपास जातं आणि लाकूड, डिंक, टिप साऱ्यांनाच त्याचा चटका बसतो.

दुसरा प्रश्न आकड्यांचा. केसवर २×४, ३×५, ४×८ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा बटांचा, दुसरा शाफ्टचा. शाफ्ट जास्त का? कारण झिजणं, वाकणं, टिप निघणं हे सगळं शाफ्टच्याच वाट्याला येतं. सामन्यात टिप उडाली तर त्याच बटाला दुसरा शाफ्ट लावून खेळ पुढे चालू ठेवता येतो. नेहमीच्या क्यूला दोन शाफ्ट, कडक फिनॉलिक टिपच्या ब्रेक क्यूला एक, जंप क्यूला एक, असा हिशेब केला तर तीन बट आणि चार शाफ्ट होतात. ३×५ मध्ये एक जागा उरते. ब्रेक आणि जंप दोन्ही कामं करणारी क्यू असेल, जिचा बटही मधे सुटतो, तर २×४ पुरते. उगाच मोठी घेऊ नये. तीन बट आणि पाच शाफ्ट भरलेली केस सहज तीन किलोंच्या पुढे जाते आणि ते वजन रोज खांद्याला पेलायचं असतं.

तिसरी गोष्ट लांबी, आणि आपल्याकडे इथेच फसगत होण्याची शक्यता जास्त. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली बिलियर्ड्सचं जागतिक हौशी अजिंक्यपद मिळवलं. बिलियर्ड्स आणि स्नूकरचा हा वारसा आपल्या क्लबांत अजून जिवंत आहे, त्यामुळे अनेकांकडे क्यू असते ती स्नूकरची, तीन-चतुर्थांशावर सुटणारी. तिचा पुढचा तुकडा ४० इंचांच्या पुढे जातो. पूलच्या केसमध्ये तो मावणारच नाही. पूलची क्यू असली तरी ३० इंची शाफ्ट निघाले आहेत आणि जोडाच्या पेचावर संरक्षक टोपण चढलं की लांबी आणखी वाढते.

ते टोपण हवंच, कारण बटाच्या तोंडाशी बहुधा धातूचा पेच असतो. एकाच कप्प्यात बट आणि शाफ्ट खेटून ठेवले तर तो पेच मेपलवर ओरखडे काढतो. शाफ्ट बोटांवरून सरकताना केसाएवढा खळगाही जाणवतो आणि फटक्याची लय मोडते. गंमत म्हणजे दबलेल्या जागी पाण्याचा थेंब ठेवला तर चेपलेले तंतू पुष्कळदा फुगून वर येतात. जे पाणी शाफ्ट वाकवतं, तेच त्याची जखम भरूनही काढतं!

विमानप्रवास असेल तर आणखी कडक केस घ्यावी. अमेरिकेत सुरक्षा तपासणीचे नियम क्यू केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. ती चेक-इन सामानातच जाते, आणि तिथे तिच्यावर इतर बॅगांचा भार पडणार हे धरूनच चालावं.

जॉर्ज बालाबुष्का हा रशियात जन्मलेला, १९२४ साली अमेरिकेत आलेला क्यू घडवणारा कारागीर १९७५ मध्ये वारला. त्याच्या हातच्या क्यू संग्राहक आजही जिवापाड जपतात. कारागिराने लाकूड कितीही पारखून घेतलं तरी त्यानंतरची पन्नास वर्षं ते सांभाळणाऱ्याच्याच हाती असतं. म्हणून केस घ्यायला जाल तेव्हा आपला सर्वांत लांब शाफ्ट टोपणासकट बरोबर न्या. तो नळीत घाला, झाकण लावा, केस हळूच हलवा. आतून खडखडाट आला किंवा झाकण ताणलं गेलं तर ती केस तुमची नव्हे. टिप खाली करून ठेवत असाल तर तळाला जाड गादी आहे ना, हेही बोट घालून बघा. पैसे बेताचे असतील तर कमी क्यूंची, पण प्रत्येक भागाला स्वतःची नळी देणारी केस घ्या. पुढे क्यू वाढल्या तर मोठी केस केव्हाही मिळेल; एकदा वाकलेला शाफ्ट पुन्हा सरळ राहील, याची खात्री कुणी देत नाही.